अ‍ॅना डिसोझाचा पोपट

१८६५ साल सरत आलं होतं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले होते. सातारा, कोल्हापूर, बेळगाव असा लांबचा पल्ला होता. सोबत तंबू, घोडी, शिपाई, कारकून, खानसामे अशी शेकडो माणसं. गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी त्या वेळी विलायतेला होत्या, म्हणून वडिलांबरोबर मुलगी आली होती. तिचं नाव मेरी, वय वीस. एवढ्या मोठ्या तळावर तिच्या सोबतीला बाईमाणूस एकच होतं, तिची आया अ‍ॅना लिबराता डिसोझा.

दुपारी मुक्काम पडला की वेळ जाता जात नसे. अशाच एका दुपारी मेरीनं अ‍ॅनाला गोष्ट सांग म्हटलं. अ‍ॅना आधी नाहीच म्हणाली. गोष्टी लहान मुलांना सांगायच्या असतात, शिकल्यासवरल्या मडमेला काय सांगायच्या, असा तिला संकोच. मग तुझ्या नातवंडांना सांगतेस तशी सांग, असा मेरीनं हट्ट धरला. अ‍ॅना जमिनीवर मांडी घालून बसली, नजर कुठं तरी लांब लावली आणि सुरू झाली. ती आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत गेली, मेरी टिपत गेली. लिहून झालं की मेरी ते अ‍ॅनाला वाचून दाखवी आणि चुकलं असेल तिथं अ‍ॅना दुरुस्त करी. अशा २४ गोष्टी जमल्या. १८६८ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांनी त्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावानं छापल्या. भारतातल्या तोंडी गोष्टी सांगणारीकडून थेट ऐकून इंग्रजीत आणणाऱ्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. मुखपृष्ठावर नाव मेरी फ्रिअरचं.

आता ७०-८० वर्षं पुढं जाऊन ऑक्सफर्डला जाऊ. सेंट जाइल्स या रस्त्यावर ‘द ईगल अँड चाइल्ड’ नावाचा जुना पब होता. तिथल्या आतल्या लहानशा खोलीत दर मंगळवारी सकाळी काही प्राध्यापक आणि त्यांचे मित्र जमत. सी. एस. लुईस, जे. आर. आर. टोल्किन, लुईसचा थोरला भाऊ वॉर्नी, चार्ल्स विल्यम्स, ह्यूगो डायसन, डॉक्टर हॅवर्ड. ‘इंकलिंग्ज’ हे त्यांच्या कंपूचं नाव. मंगळवारी बियर आणि गप्पा. गुरुवारी रात्री मात्र मॉडलिन कॉलेजातल्या लुईसच्या खोलीत खरं काम चाले. वॉर्नी चहा करी, पाइप पेटत आणि कोणी तरी आपलं नवं लिखाण वाची. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रकरणं टोल्किननं अशा बैठकांत वर्षानुवर्षं वाचून दाखवली. डायसनला ती मुळीच आवडत नसत आणि तो ते तोंडावर सांगे. ते पुस्तक १९५४-५५ मध्ये बाहेर आलं. त्याआधी १९५० मध्ये लुईसच्या नार्नियाचं पहिलं पुस्तक आलं होतं. आज जगभर ज्याला फँटसी म्हणतात, त्या साहित्याचा निम्मा पाया या दोघांनी घातला.

टोल्किनला अशा टेबलांची सवय शाळेपासूनची. बर्मिंगहॅममध्ये शाळकरी वयात तो आणि त्याचे मित्र बॅरोज स्टोअर्स या दुकानाच्या चहाघरात जमत आणि स्वतःला टी क्लब म्हणवत. त्यातले दोघे पहिल्या महायुद्धात गेले. ऑक्सफर्डला प्राध्यापक झाल्यावर त्यानं जुन्या आइसलँडिक गाथा मुळातून वाचणारं एक मंडळ काढलं. लुईसशी त्याची मैत्री घट्ट झाली ती तिथंच. चार माणसांनी एकत्र बसून मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याचं लिहिणं पुढं सरकत नसे. आपल्याकडं १९२३ मध्ये पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश या कवींनी रविकिरण मंडळ काढलं, तेही असंच चहा पीत पीत एकमेकांच्या कविता ऐकण्यासाठी. फरक एवढा की, रविकिरण मंडळात मनोरमाबाई रानडे पहिल्यापासून होत्या आणि ऑक्सफर्डच्या त्या खोलीत एकही स्त्री नव्हती. डोरोथी सेयर्स लुईसची चांगली मैत्रीण होती, मोठी लेखिका होती, पण बैठकीत तिला जागा नव्हती.

ऑक्सफर्डच्या त्या पबवर आजवर ढिगानं पुस्तकं निघाली. कोण कुठं बसे, कोणता पाइप ओढी, सगळं नोंदलं गेलं. टोल्किनवर कोणाचा प्रभाव होता हे सांगताना फिनलंडचं ‘कालेवाला’, विल्यम मॉरिस, जॉर्ज मॅक्डोनल्ड, वाइक-स्मिथचं १९२७ मधलं स्नर्ग नावाच्या बुटक्या माणसांचं पुस्तक, असे धागे अभ्यासकांनी एकेक करून काढले. ते खरेच आहेत. पण ते सगळे छापील पुस्तकांचे धागे आहेत. पुस्तकांच्याही मागं जे तोंड होतं, त्याच्याकडं फारसं कोणी वळलं नाही. मला बोलायचं आहे ते त्या तोंडाबद्दल.

लुईसचंच घ्या. १८९८ मध्ये तो बेलफास्टला जन्मला. घरी लिझी एंडिकॉट नावाची दाई होती. काउंटी डाउनच्या खेडुतांतली ही बाई त्याला आयरिश गोष्टी सांगे. पुढं आत्मचरित्रात त्यानं तिच्याबद्दल लिहिताना हात आखडला नाही. तिच्यात एकही खोट आठवत नाही, तिच्यामुळं आम्हा भावांची मुळं त्या मातीतल्या साध्या माणसांत रुजली, अशा अर्थाचं तो लिहून गेला. नार्नियाच्या कपाटाचं दार उघडायच्या कितीतरी आधी लिझीनं एक दार उघडून ठेवलं होतं.

आणि अ‍ॅना गोष्टी सांगत होती त्याच हिवाळ्यात, ३० डिसेंबर १८६५ रोजी, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात रड्यार्ड किपलिंग जन्मला. त्याचीही आया पोर्तुगीज ख्रिस्ती होती, म्हणजे साहेबांच्या भाषेत पोर्तुगीज. प्रत्यक्षात आपल्याच किनाऱ्यावरची. ती त्याला घेऊन वाटेवरच्या क्रुसापाशी प्रार्थनेला थांबे. मीता नावाचा हिंदू गडी त्याला देवळात नेई. दुपारी झोपायच्या आधी ती दोघं गोष्टी आणि गाणी सांगत. मग पोराला नीट कपडे घालून आईवडिलांकडं पाठवताना आता इंग्रजीत बोल, असं बजावून सांगावं लागे, कारण तो विचार करी तो देशी बोलीत. हे सारं किपलिंगनं स्वतः म्हातारपणी लिहून ठेवलं आहे. बोलणारे प्राणी, त्यांचे कायदे, जंगलात वाढलेलं माणसाचं पोर हे त्याच्या ‘जंगल बुक’नं १८९४ मध्ये इंग्रजी वाचकांना दिलं. लुईस किपलिंगवर आयुष्यभर विचार करत राहिला, त्याच्यावर त्यानं स्वतंत्र निबंधही लिहिला. किपलिंगच्या आयेचं नाव मात्र त्याच्या लिखाणात येत नाही.

अ‍ॅनाचं आलं, हे मेरी फ्रिअरचं मोठं देणं. तिनं पुस्तकाच्या सुरुवातीला अ‍ॅनाची हकिकत तिच्याच बोलीत दिली. ती पानं माझ्या मते पुस्तकातल्या कोणत्याही राक्षसकथेइतकीच थरारक आहेत. अ‍ॅनाचं घराणं मूळचं कालिकतकडलं, जातीनं लिंगायत. मग गोव्याजवळ येऊन राहिलेलं. तिथं आजोबांनी बायकोमुलांसह ख्रिस्ती धर्म घेतला आणि पणजोबांनी संतापून सगळ्यांना घराबाहेर काढलं. आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार झाले. टिपूशी लढाई झाली तेव्हा आजी पलटणीबरोबर चालत राहिली, मजल दरमजल. उंच, देखणी, अंगानं दणकट बाई. टिपू कसा पडला, वेलस्ली साहेब कसा होता, मन्रो, माल्कम, एल्फिन्स्टन, सगळ्यांच्या गोष्टी तिच्याकडं होत्या. अ‍ॅनाचा बाप लष्करात तंबू उभारणारा खलाशी होता. १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हा तो तिथं होता.

इथं वसईकराला थांबावंच लागतं. मी वसईतल्या होळी भागात राहते. किल्ला इथून जवळ आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला तो याच वसईत, आणि त्या तहानं इंग्रजांची तैनाती फौज पुण्याच्या दाराशी आणून बसवली. पुढं खडकी, मग पेशवाईचा शेवट. आपण हा इतिहास पेशव्यांच्या बाजूनं वाचतो, कधी इंग्रजांच्या बाजूनं. त्या फौजेच्या तंबूंच्या खुंट्या ठोकणाऱ्याच्या घरी, त्याच्या आईच्या मांडीवर, राजपुत्र आणि राक्षसांच्या गोष्टी जिवंत राहत होत्या हे कोणत्याच बखरीत नाही. सात भावांत अ‍ॅना ही एकटी बहीण. आजीच्या गोष्टी तिनं ऐकल्या, आपल्या मुलांना सांगितल्या. पुढं नवरा गेला. एक मुलगा पुण्याच्या नदीत बुडाला. पोटासाठी ती साहेबांच्या घरी आया म्हणून राहिली. एवढं सोसलेल्या बाईच्या तोंडून मेरीनं जे ऐकलं, त्यात पहिलीच गोष्ट पंचकिन जादूगाराची.

गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पंचकिननं बालना नावाच्या राणीला बारा वर्षं कोंडून ठेवलंय. तिला सोडवायला आलेल्या राजपुत्रांचे त्यानं दगड करून टाकलेत. बालनाचा मुलगा मोठा होऊन वेश पालटून तिथं पोचतो. आई जादूगाराला गोड बोलून विचारते, तुम्हाला मरण कसं नाही? तो सांगून बसतो. लाखो कोस दूर घनदाट रान आहे, त्यात ताडांचं रिंगण, रिंगणाच्या मध्ये एकावर एक रचलेल्या पाण्यानं भरलेल्या सहा घागरी, आणि सर्वांत खालच्या घागरीखाली पिंजरा. पिंजऱ्यात हिरवा पोपट आहे. त्या पोपटात माझा जीव. मुलगा वाटेत गरुडाची पिल्लं सापापासून वाचवतो, ती त्याला पंखांवर घेऊन रानात नेतात. तो पोपट आणतो. एक पंख तोडतो तसा जादूगाराचा एक हात गळून पडतो. शेवटी पोपटाची मान मुरगळली की जादूगार संपतो.

त्याच पुस्तकात सोदेवाबाईची गोष्ट आहे. तिचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या हारात. हार कोणी काढून घेतला की ती मरते, परत गळ्यात पडला की उठते. तिच्या पायातला एक जोडा हरवतो, तो राजपुत्राला सापडतो, आणि जिचा जोडा तिच्याशीच लग्न करीन असा तो हट्ट धरतो. सिंड्रेला आणि गळ्यातला मंतरलेला दागिना एकाच गोष्टीत.

पंचकिननं इंग्लंडातल्या विद्वानांची झोप उडवली. जॉर्ज कॉक्सनं १८७० मध्ये आर्यांच्या पुराणकथांवरच्या ग्रंथात ही गोष्ट नॉर्वेतल्या काळीज नसलेल्या राक्षसाच्या गोष्टीशेजारी ठेवली. १८८४ मध्ये एडवर्ड क्लॉडनं ‘पंचकिनचं तत्त्वज्ञान’ अशा मथळ्याचा लेखच लिहिला. १८९० मध्ये जेम्स फ्रेझरच्या ‘गोल्डन बाऊ’त जीव देहाबाहेर ठेवण्याच्या समजुतीवर मोठा भाग आला, त्यात पंचकिन आहे. १८९२ मध्ये जोसेफ जेकब्जनं मुलांसाठी केलेल्या भारतीय परीकथांच्या संग्रहात तो जसाच्या तसा घेतला, आणि मग तो इंग्रज घराघरांत निजण्याच्या वेळेला वाचला जाऊ लागला. पुण्याच्या लष्करी वस्तीतल्या एका म्हातारीचा पोपट पंचवीस वर्षांच्या आत इंग्रजी विद्वत्तेच्या आणि बालवाङ्मयाच्या मध्यभागी जाऊन बसला.

टोल्किन १८९२ मध्येच जन्मला. अँड्रू लँगचे परीकथांचे संग्रह वाचत तो वाढला. ८ मार्च १९३९ रोजी त्यानं सेंट अँड्र्यूज विद्यापीठात लँगच्याच नावाचं व्याख्यान दिलं, विषय परीकथा. त्यात माणसाचा जीव किंवा बळ देहाबाहेर, कुठल्या पिशवीत, दगडाखाली, अंड्यात लपवून ठेवण्याच्या कल्पनेवर तो थांबून बोलला. १९५८ मधल्या एका पत्रात त्यानं उघडच म्हटलं की, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या दुष्ट सॉरॉनची अंगठी म्हणजे आपला जीव किंवा सामर्थ्य बाहेरच्या वस्तूत ठेवण्याच्या जुन्या कल्पनेचंच एक रूप. सॉरॉननं आपली ताकद अंगठीत ओतली, म्हणून अंगठी वितळली की तोही ढासळतो. राजपुत्राच्या जागी अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो, ताडांच्या रिंगणाऐवजी जळता डोंगर. आणि राजपुत्राला नेणारे गरुड? ते टोल्किनकडंही शेवटी अडकलेल्यांना सोडवून नेतात.

टोल्किननं ही अंगठी अ‍ॅनाकडून घेतली असा दावा मी करणार नाही. तो खोटा ठरेल. ही कल्पना नॉर्वेत आहे, रशियातल्या अमर कोश्चेईच्या गोष्टीत आहे, प्राचीन इजिप्तमध्ये आहे. टोल्किन नॉर्सचा माणूस, त्याला ती तिकडूनही मिळाली असणार. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या विद्येच्या वातावरणात तो वाढला, त्या विद्येनं ही कल्पना ओळखली, तिला नाव दिलं, तिच्यावर वाद घातले, ते घडवणाऱ्या मोजक्या कथांत अ‍ॅनाची कथा होती. हॅरी पॉटर वाचताना वोल्डेमॉर्टनं आपल्या जिवाचे तुकडे अंगठीत, लॉकेटमध्ये, सापात ठेवले हे मराठी मुलाला समजावून सांगावं लागत नाही. राक्षसाचा प्राण पोपटात असतो, हे त्याला आजीनं आधीच सांगितलेलं असतं.

टोल्किनलाही म्हाताऱ्यांची किंमत कळत होती. त्याच्या महाकादंबरीत सेलेबॉर्न हा एल्फांचा अधिपती बोरोमिर या योद्ध्याला बजावतो की, जुन्या काळातून आलेलं ज्ञान झिडकारू नकोस, पंडितांनी विसरलेलं कधी कधी म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीत टिकतं. पुढं गोंडोरच्या शुश्रूषागृहात नेमकं तेच घडतं. वैद्य हात टेकतात, आणि आयोरेथ नावाची बडबडी म्हातारी, राजाच्या हातात गुण असतो अशी जुनी गोष्ट बोलून जाते. त्यावरून खरा राजा ओळखला जातो. ही प्रकरणं ज्या मंडळींसमोर वाचली गेली त्यांत आयोरेथच्या जातीचं कोणी बसलेलं नव्हतं.

वसईच्या खाडीपलीकडच्या साष्टीचंही या कहाणीत एक पान आहे. जॉर्ज डिपेन्हा या आपल्या ख्रिस्ती समाजातल्या गृहस्थांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात ‘साष्टीतील लोककथा’ अशी लेखमाला १८८०च्या दशकाच्या अखेरीपासून चालवली. बापखादी या मुलीची सिंड्रेलाच्या कुळीतली गोष्ट त्यातच आहे. इथल्या मराठी बोलीत, इथल्या पडव्यांवर सांगितल्या गेलेल्या या कथा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण इथल्या ख्रिस्ती माणसांना साहेब पोर्तुगीजच म्हणत राहिला. १८८७ मध्ये समाजानं ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. नावं बदलली, राज्यं बदलली, आणि डिपेन्हांनी ऐकलेल्या कथांतले राजे, राण्या, राक्षस, गोसावी तसेच राहिले. धर्म पालटला म्हणून आजीनं राक्षस सोडला नाही. अ‍ॅनाच्या घरीही तेच झालं होतं.

त्याच काळात मराठी लेखक काय करत होते? अद्भुताची त्यांनाही ओढ होती. १८६१ मध्ये हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी सुरस कथा मराठीत आणत होते, १८६८ मध्ये, ‘ओल्ड डेक्कन डेज’च्याच वर्षी, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आली. अद्भुत शोधायला आपण संस्कृतकडं गेलो, अरबस्तानात गेलो. घरातल्या चुलीपाशी बसलेल्या बाईला कोणी विचारलं नाही. तिला विचारलं एका वीस वर्षांच्या इंग्रज मुलीनं, तेही दुपार जात नव्हती म्हणून. ही चुकलेली संधी मला फार लागते. पुढं दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी ती आयुष्य वेचून भरून काढायचा प्रयत्न केला. त्यांचं ऋण मोठं आहे, पण तोवर सत्तर-ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या आपल्या गोष्टी घेऊन गेल्या होत्या.

‘ओल्ड डेक्कन डेज’मध्ये स्वार्थी चिमणी आणि बेघर कावळ्यांची गोष्टही आहे. बाहेर पाऊस कोसळतोय, कावळे दार वाजवताहेत आणि चिमणी दार उघडत नाही. महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल या गोष्टीवर वाढलंय. त्यातल्या किती मुलांना माहीत आहे की, ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी छापील इंग्रजीत नेली ती पुण्याच्या एका ख्रिस्ती आयेनं?

ऑक्सफर्डचा तो पब २०२० मध्ये बंद पडला तेव्हा जगभरच्या वाचकांनी हळहळ व्यक्त केली. अ‍ॅनाच्या नावाचा दगड पुण्यात कुठं असावा, असं मला वाटतं. पण त्याहून आधी तिचं पुस्तक मराठी वाचकांच्या घरात असावं, आणि त्याच्या मुखपृष्ठावर पहिलं नाव अ‍ॅना लिबराता डिसोझाचं असावं. एखाद्या प्रकाशकानं हे मनावर घ्यावं. आणि वसई, अर्नाळा, साष्टी, गोवा, कोल्हापूर, कुठंही ज्यांच्या घरी अजून गोष्ट सांगणारी म्हातारी आहे, त्यांनी ती गोष्ट तिच्याच बोलीत उतरवून घ्यावी. खाली तिचं पूर्ण नाव, गाव आणि तिनं ती कोणाकडून ऐकली हेही लिहावं.